चालक-पुस्तिका, पान एकोणसाठ

रविवारी सकाळी सदाशिव पेठेत मुलीचा क्लास सुटायची वाट बघत उभं असताना वैजनाथ काळबांडेला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत आपलं पुस्तक दिसलं. एका बाजूला सीईटीचं गाइड, दुसऱ्या बाजूला मधुमेहावरचं घरगुती उपचारांचं, आणि मध्ये ते. लष्करी हिरवं कव्हर, त्यावर 'गिरिधर' ट्रकचं रेखाचित्र, खाली 'चालक-पुस्तिका, हिंदी संस्करण'. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं, कारण अशा पुस्तकाला लेखक नसतो. ते कंपनीतून निघतं, जसा ट्रक निघतो, आणि ट्रकच्या कप्प्यात ठेवून त्याच्याबरोबरच लांब कुठेतरी जातं. सहा वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, त्यातलं प्रत्येक वाक्य वैजनाथनं लिहिलं होतं आणि छापखान्यातून गठ्ठे गेल्यावर एकही प्रत ऑफिसबाहेर पाहिली नव्हती. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा तो खाली वाकला.

"ते मिलिटरीचं आहे, तुमच्या उपयोगाचं नाही," विक्रेता पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"बघतो फक्त."

"बघा की. बघायला कोणी आडवं आलंय?"

पानांना डिझेलचा वास होता. कोपऱ्यांवर ग्रीसच्या अंगठ्यांचे ठसे होते आणि ते बघून वैजनाथला आधी आनंद झाला, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. कुणीतरी वाचलं होतं. टायर बदलण्याच्या प्रकरणात ठसे जास्त होते, थंडीत इंजिन चालू करण्याच्या प्रकरणात तर पान फाटून सेलोटेपनं जोडलेलं होतं. तो उभ्या उभ्या आपलीच वाक्यं वाचत गेला. छोटी, स्वच्छ, कुठे अडखळणार नाहीत अशी. आणि एकोणसाठाव्या पानावर त्याच्या एका वाक्याखाली पेन्सिलीनं दोनदा रेघ मारलेली होती, शेजारी समासात मराठीत लिहिलं होतं, 'उलटं आहे. आधी हँडब्रेक. नाहीतर गेलास.'

"बाबा, चला ना. काय घेतलंत?" अपेक्षा पाठीवर सॅक सावरत आली होती.

"काही नाही. ऑफिसचंच आहे," तो म्हणाला. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्याला नवल वाटलं.

धायरीच्या बसमध्ये अपेक्षाला खिडकीजवळ जागा मिळाली आणि तो तिच्याशेजारी पुस्तक मांडीवर पालथं ठेवून बसला. सिंहगड रोडच्या दोन्ही बाजूंनी शेतं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक अर्धवट इमारतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. 'नाहीतर गेलास.' हे कुणाला म्हटलं होतं? पुढच्या ड्रायव्हरला? की त्या माणसानं स्वतःलाच, घाम पुसत, गाडी कशीबशी थांबवल्यावर? की दुसऱ्या कुणाची गाडी जाताना पाहिल्यावर? पेन्सिलीचा दाब एवढा होता की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती. वैजनाथनं ती उलटी अक्षरं बोटानं चाचपली. बसमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर एक मुलगा मोबाइलवर कुणाला तरी हिंजवडीतल्या इंटरव्ह्यूबद्दल ओरडून सांगत होता, आणि वैजनाथच्या मनात एक ट्रक, ज्यात तो कधी ड्रायव्हरच्या जागी बसलाही नव्हता, एका चढावर उभा होता.

चढावर इंजिन बंद पडलं तर काय करायचं, त्याबद्दलचं ते पान. गिरिधरला गिअरच्या शेजारी एक छोटी दांडी असते. साध्या रस्त्यावर ती पुढे असते, अवघड चढावर मागे, म्हणजे 'लो'मध्ये ओढायची, म्हणजे चाकं हळू पण दुप्पट जोरानं फिरतात. पुढून मागे जाताना ती मधल्या जागेतून जाते, आणि त्या मधल्या जागेत इंजिनाचा आणि चाकांचा काही संबंध राहत नाही. बंद पडलेला ट्रक चढावर निव्वळ गिअरच्या आधारानं उभा असतो. दांडी मध्ये आणली की तो आधार गेला. म्हणून आधी हँडब्रेक ओढायचा, मग दांडीला हात लावायचा. शेंबड्या पोरालाही कळेल. आणि पान एकोणसाठवर सुंदर, वळणदार हिंदीत छापलं होतं, 'छोटे लीवर को बीच में लाकर हैंडब्रेक लगाएँ, फिर लो में डालें।'

दारव्ह्याहून तो पुण्यात आला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. मुलाखतीत पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं होतं, "वऱ्हाडातले ना तुम्ही? मग हिंदी येतच असेल." वऱ्हाड म्हणजे जणू दिल्लीचं उपनगर. त्याची हिंदी दारव्ह्याच्या बाजारातली आणि रेडिओवरची होती, पण तो मान हलवून हो म्हणाला, आणि मग त्या एका होकाराला जागण्यासाठी रात्रंदिवस व्याकरणं वाचली. कंपनी लष्करासाठी ट्रक बनवायची, डोंगरातून, वाळूतून, नदीच्या पात्रातून जाणारे. वैजनाथ त्यांच्याबद्दल लिहायचा. लगाएँ, दबाएँ, खींचें, जाँचें. आयुष्यभर तो आज्ञा देत आला, न दिसणाऱ्या माणसांना, न पाहिलेल्या जागी. घरी त्यानं कधी कुणाला आज्ञा दिली नव्हती. त्याला गाडी चालवताच येत नव्हती. लग्नानंतर एकदा मेहुण्याची स्कूटर शिकताना तो नालीत गेला, गुडघा फुटला, आणि मग ते राहूनच गेलं. कायनेटिक कौसल्या चालवायची. रोज सकाळी ती त्याला बसस्टॉपवर सोडायची आणि तो मागच्या सीटवर डबा मांडीवर धरून बसायचा. पहिली काही वर्षं लोक बघायचे, नंतर लोकांनाही सवय झाली.

त्या संध्याकाळी कौसल्या स्वयंपाकघरात आली तेव्हा तो खुर्चीवर बसून दोन्ही पाय जमिनीवर दाबत होता आणि डाव्या हाताला उभं धरलेलं लाटणं मागेपुढे करत होता.

"काय करून राहिले तुम्ही?"

त्यानं सांगितलं. पुस्तकाचं, रेघेचं, दांडीचं. कणीक मळायला घेतली होती, ते हात तसेच ठेवून ती ऐकत राहिली. पुण्यात इतकी वर्षं काढूनही घाबरली की तिच्या तोंडून वऱ्हाडीच निघायची.

"चढावर गाडी बंद पडली तं हात आपोआप ब्रेकवर जाते," ती म्हणाली. "हे का पुस्तकात वाचा लागते कोणाले?"

"तुला चालवता येतं म्हणून."

"मंग ज्याले येत नाही त्यानं कायले लिहावं?" असं म्हणून ती परातीकडे वळली. आपण जास्त बोललो हे तिला कळलं असावं. मग हळूच म्हणाली, "जेवून घ्या. उद्या फाइल बघा. छापणाऱ्याची चूक असन."

छापणाऱ्याची चूक. ती शक्यता त्यानं रात्रभर जवळ बाळगली. सोमवारी आळंदी रस्त्यानं विश्रांतवाडी ओलांडून बस कंपनीच्या फाटकाशी थांबेपर्यंत ती जवळजवळ खरी झाली होती. रेकॉर्डच्या खोलीत गिरिधरच्या सात फायली होत्या. तिसऱ्या फायलीत इंजिनिअरिंग विभागाकडून आलेला मूळ हिंदी खर्डा होता, ओबडधोबड, खिळे ठोकल्यासारखा. 'हैंडब्रेक लगाएँ। छोटा लीवर बीच में लाएँ। लो में डालें।' त्यावर लाल शाईनं एक बाण. पहिलं वाक्य उचलून दुसऱ्याच्या मागे नेणारा, डौलदार, टोकाला नीट भरलेला बाण. आणि वर त्याच्याच अक्षरात नवं वाक्य.

बाण बघितल्यावर ती दुपारच त्याच्यासमोर आली. पंखा बंद होता म्हणून खिडकी उघडी होती, बाहेर टेस्ट ट्रॅकवर कुठलीतरी गाडी एकसुरी घरघरत होती. ती तीन वाक्यं त्याच्या कानाला टोचत होती. तीन वेळा थांबा, तीन वेळा आज्ञा, हवालदारानं ओरडल्यासारखी. त्यानं ती मोठ्यानं म्हणून पाहिली. मग 'लाकर' हा शब्द सुचला आणि वाक्य एकदम वाहायला लागलं. तो खूश झाला होता. त्या दिवशी घरी जाताना त्यानं कौसल्यासाठी मोगऱ्याचा गजरा नेला होता, हेही आठवलं. आजार नव्हता, घाई नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. एका वाक्याला लय हवी होती, बस. इंग्रजी आवृत्ती दुसऱ्यानं केली होती, तीत क्रम बरोबर होता. म्हणजे साहेब लोकांच्या हातातलं पुस्तक बरोबर होतं, आणि जो प्रत्यक्ष चाकामागे बसणार त्याच्या हातातलं उलटं.

कोपऱ्यात तपासणाऱ्याची छोटीशी सही होती. 'सु.'

सुहासिनी आगाशे प्रकाशन विभागाच्या प्रमुख होत्या. वैजनाथहून आठ वर्षांनी लहान, पेठेत वाढलेल्या, आणि ऑफिसात त्यांच्या चष्म्याच्या वरून बघण्याला सगळे भीत. गेला महिनाभर त्यांच्या टेबलावर एक यादी तयार होत होती. एप्रिलपासून सगळ्या पुस्तिका हिंजवडीतली एक कंपनी संगणकावर करून देणार होती. पाच जणांच्या विभागातले दोघंच राहायचे होते. कोण दोघं, हे कुणी विचारत नव्हतं, पण गेल्या महिन्यापासून सगळे वेळेवर येत होते.

त्यांनी पुस्तक पाहिलं, पेन्सिलीची ओळ वाचली, फाइलमधला बाण पाहिला.

"सहा वर्षं कोणी तक्रार केली नाही, काळबांडे. तुम्ही नेमकी या महिन्यात करताय. मुहूर्त काढून आलात का?"

"मला काल कळलं, मॅडम."

"आणि रद्दीतल्या पेन्सिलीवर मी संरक्षण खात्याला पत्र पाठवू? डिझाइनवाले म्हणतील, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतोच, गाडी कशाला घसरेल."

"इंजिन बंद असलं की तो ब्रेक दगडासारखा होतो, असं आपणच पान बावन्नवर लिहिलंय."

"आपण नाही. तुम्ही," त्या म्हणाल्या. मग फाइलच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या सहीवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. "मी हे वाचलं नव्हतं," त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या. "तुमचं काम होतं म्हणून न वाचता सही केली. तुमचं मी कधीच वाचायची नाही."

ही शाबासकी होती. एरवी त्यानं ती आठवडाभर जपून ठेवली असती. त्याला खाली बघावंसं वाटलं, तर खाली त्यांचं बोट आणि ती सही.

"आधी खात्री करून घ्या," सुहासिनीबाई फोन उचलत म्हणाल्या. "मी टिंगरेंना सांगते. तुमच्या पुस्तकात आहे तसंच करून बघा. अक्षर न् अक्षर."

गेनबा टिंगरे हा टेस्ट ट्रॅकवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. धानोरीकडचा, हाडाचा शेतकरी, कंपनीनं जमीन घेतली तेव्हा नोकरीला लागलेला. गिरिधरच्या पहिल्या गाडीपासून प्रत्येक गाडी त्यानं चढांवर, दगडांत, चिखलात घातली होती, आणि त्याच्या कमरेला कायम चामड्याचा रुंद पट्टा असे, कारण मणके सैल झाले होते. वैजनाथ त्याला एकोणीस वर्षं लांबून ओळखत होता.

"तुमी बसनार?" गेनबानं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "म्या करून दावतो की. तुमी खाली हुबं ऱ्हावा."

"तुम्हाला येतं, गेनबा. तुमचा हात आपोआप बरोबर जाईल. ज्याला येत नाही आणि जो पुस्तक वाचून करणार, तसा माणूस पाहिजे."

"पुस्तक तुमी लिवलंय व्हय?" गेनबा म्हणाला. "मला वाटायचं कुनी विलायती मानूस असंल."

ट्रॅकच्या टोकाला सिमेंटचा चढ होता, लांबून साधा वाटणारा, पायथ्याशी उभं राहिलं की भिंतीसारखा. गेनबानं ट्रक अर्ध्यावर नेला आणि इंजिन बंद केलं. मागं दहा-बारा फुटांवर जाड लाकडी ओंडके आडवे टाकलेले होते. ट्रकच्या हौद्यात दोन्ही बाकांवर वाळूची पोती बसवलेली होती, सोळा पोती, प्रत्येकात एका शिपायाचं बंदुकीसकट वजन. वैजनाथनं हे शब्द स्वतःच लिहिले होते, 'सोलह सैनिक'. पोती पाठ टेकून बसली होती, तोंडं दोरीनं आवळलेली. तो ड्रायव्हरच्या जागी चढला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की इथून जमीन दिसतच नाही. पुढे नुसतं आकाश होतं. स्टिअरिंग अंगाहून मोठं. ज्या ज्या गोष्टींची नावं त्यानं शेकडो वेळा लिहिली होती त्या सगळ्या इथं होत्या, पण त्या जड होत्या, तेलकट होत्या, प्रत्येकीला आपली जागा आणि आपला हट्ट होता. कागदावर छोटी दांडी आणि हँडब्रेक यांच्यात एका स्वल्पविरामाचं अंतर होतं. इथं दांडी डाव्या हाताला, हँडब्रेक उजव्या मांडीच्या खाली.

"पाय ठिवा बिरेकवर," शेजारी बसलेला गेनबा म्हणाला. वैजनाथनं ठेवला. पेडल हललं नाही. "बगा. मेलेलं हाय. गिअरवर हुबी हाय गाडी. आता तुमचं पुस्तक करा."

दांडीपर्यंत पोचायला त्याला सीटच्या कडेपर्यंत सरकावं लागलं. मग डाव्या हातानं छोटी दांडी धरली. ती अडली, मग एकदम लोण्यातून गेल्यासारखी मधल्या जागेत आली. 'लाकर,' तो मनात म्हणाला. त्याच क्षणी आकाश वर सरकलं.

आवाज काहीच नव्हता. म्हणूनच त्याला ते आधी खरं वाटलं नाही. इंजिन नाही, किंकाळी नाही, नुसतं साडेसात टन लोखंड मऊपणे मागे निघालं होतं. मागून पोती घसरल्याचा आवाज आला, एकामागून एक, माणसं कोसळावीत तसा. उजवा हात हँडब्रेककडे जायला निघाला होता, पण त्याला तो सापडत नव्हता, कारण डोळे त्याला शोधत होते आणि मन अजून त्या वाक्यातच होतं, 'लाकर'च्या पुढे, वाक्य संपायची वाट बघत. गेनबा ओरडला, "वढा! आरं वढा की!" आणि मग त्याच्या अंगावरून आडवा होऊन त्यानंच हँडब्रेक ओढला. त्याच वेळी मागची चाकं ओंडक्यांवर आदळली. वैजनाथची पाठ सीटवर आदळली आणि उसळून छाती स्टिअरिंगवर आपटली. ट्रक एकदा डोलला आणि थांबला.

गेनबाचा हात अजून हँडब्रेकवर होता, आणि त्याची कंबर दुखावली होती हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"किती वेळ लागला?" वैजनाथनं विचारलं.

"दोन सेकंद. अडीच." गेनबानं बाहेर पाहिलं. "हितं वंडके हायती. तिकडं दरी असती."

वैजनाथ उतरला आणि मागे गेला. सोळाच्या सोळा पोती हौद्याच्या मागच्या फळीवर एकमेकांवर चढून पडली होती. एकाचं तोंड सुटलं होतं आणि वाळू फळीच्या फटीतून बारीक धारेनं सिमेंटवर सांडत होती. तो तिच्याखाली हात धरून उभा राहिला, का ते त्याला सांगता आलं नसतं.

"मनाला लावून घेऊ नगा," गेनबा कंबर धरून त्याच्या मागं येत म्हणाला. "ते पुस्तक कोन वाचतंय? जुनी ड्रायव्हर लोकं हातानं शिकत्यात, येकमेकाचं बगून. म्या तर कदी उगाडलं बी न्हाई."

म्हणजे सहा वर्षं कुणी वाचलंच नव्हतं. सुटलो, असं वैजनाथच्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग, पायाखालची फळी निघावी तसं काहीतरी आलं. सगळी व्याकरणं, सगळ्या दुपारी, कानाला टोचलेली आणि मग वाहायला लागलेली ती वाक्यं. पण ग्रीसचे अंगठे होते. सेलोटेपनं जोडलेलं पान होतं.

"आणि ज्याला शिकवायला जुना माणूस नाही, तो?" त्यानं विचारलं.

गेनबा वाळूकडे बघत म्हणाला, "नवीन पोरगं वाचत असंल. येकटं असंल तर."

दुपारी सुहासिनीबाईंनी दुरुस्तीचं पत्र स्वतः टाइप केलं. 'हिंदी आवृत्ती, पान ५९, क्रम चुकीचा छापला गेला आहे', असं त्यांनी आधी लिहिलं. वैजनाथनं ते वाचलं आणि म्हणाला, "छापला गेला नाही, मॅडम. लिहिला गेला."

"कर्मणी प्रयोग तसाच राहू द्या. तेवढा आसरा असू दे आपल्याला," त्या म्हणाल्या. पण थोड्या वेळानं त्यांनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'आमच्या विभागाने चुकीचा क्रम लिहिला व तपासला नाही.' खाली पूर्ण सही केली. मग यादीचा विषय निघाला नव्हता तरी म्हणाल्या, "हे वर गेल्यावर तुमचं नाव मला वाचवता येणार नाही. माझंही येईल की नाही ठाऊक नाही. समजलं?"

"हो."

"मग जा. आणि छातीला काहीतरी लावा. तुम्ही सारखा हात धरताय तिथं."

पत्र वर गेलं. बैठका झाल्या. त्यांत वैजनाथला बोलावलं नाही. पंधरा दिवसांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापायची परवानगी आली आणि त्याच आठवड्यात यादीही लागली. सुहासिनीबाईंचं नाव खरेदी विभागात गेलं, वैजनाथचं कुठेच नव्हतं. एकतीस मार्चला त्याचा शेवटचा दिवस होता. घरी सांगितलं तेव्हा कौसल्या ताट वाढत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं भात वाढला, वरण वाढलं, लिंबू पिळलं. मग शेजारी बसून म्हणाली, "बोलले नसते तं?"

"दोघांत राहिलो असतो बहुतेक."

"आन् मंग?"

मग रोज बसमधून लष्करी गाड्यांच्या रांगा दिसल्या असत्या, आळंदी रस्त्यावर त्या नेहमीच दिसतात, आणि त्यानं प्रत्येक वेळी दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं असतं. एवढंच. माणूस तेवढ्यावर वर्षानुवर्षं काढू शकतो. हे त्यानं सांगितलं नाही, पण तिला ते कळलं असावं, कारण ती म्हणाली, "अपेक्षाच्या शिक्षणाचं मी बघतो. शिलाईचं काम वाढवतो. तुम्ही जेवा." वऱ्हाडात बायकाही अशाच बोलतात, बघतो, वाढवतो. पुण्यात आल्यावर लोक हसले म्हणून तिनं ते सोडलं होतं. आज ती विसरली होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिघीजवळच्या एका तुकडीकडून निरोप आला. चिठ्ठ्या मिळाल्या, पण नव्या ड्रायव्हरांना कुणीतरी प्रत्यक्ष येऊन समजावलं तर बरं. सुहासिनीबाईंनी वैजनाथलाच पाठवलं. माळावर वीस-बावीस मुलं मांडी घालून बसली होती, विशीतली, ऊन लागून काळवंडलेली, बहुतेकांच्या ओठांवर नुकती मिशी. ज्यांना तो एकोणीस वर्षं लिहीत होता ती माणसं त्यानं पहिल्यांदाच पाहिली, आणि ती इतकी लहान असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पुस्तकातली हिंदी त्याच्या तोंडून निघेना. त्यानं दारव्ह्याच्या बाजारातल्या हिंदीतच सांगितलं.

"देखो, ये किताब मैंने लिखा. इसमें गलती मैंने किया. पहले हँडब्रेक खींचना. कान में आवाज आने दो. फिर छोटे लीवर को हाथ लगाना. बीच में और कुछ नहीं."

कुणीतरी मागे हसलं. बाकीचे बघत राहिले. त्यांच्या हातात नव्या छापील चिठ्ठ्या होत्या, डिंक लावून पानावर चिकटवायच्या.

नंतर त्यांचे हवालदार, सोलापूरकडचे भीमराव, त्याला तंबूत चहाला घेऊन गेले. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. वैजनाथनं कप दोन्ही हातांत धरला आणि ज्या प्रश्नासाठी तो इथंवर आला होता तो विचारला.

"या पुस्तकामुळं कुणी गेलं का, हे कळू शकेल?"

"डोंगरात गाड्या जातात, साहेब," भीमराव म्हणाले. "मी चार पाहिल्या. बर्फानं गेली का, झोपेनं गेली का, ब्रेकनं गेली का, खाली गेल्यावर कोण सांगणार? कागदावर एकच लिहितात, चालकाचा ताबा सुटला." त्यांनी चहा संपवला. "तुम्हाला नाही म्हटलं तर बरं वाटंल. पण मला माहीत नाही, म्हणून नाही म्हणत नाही."

वैजनाथनं मान हलवली. त्याच्या छातीवरचा वळ अजून ठणकत होता.

बाहेर मुलांचा सराव सुरू झाला होता. माळाच्या कडेला टेकडीचा चढ होता आणि आठ ट्रक एकामागून एक त्यावर अर्ध्यापर्यंत जाऊन थांबले होते. भीमरावांनी शिट्टी वाजवली तशी सगळी इंजिनं बंद झाली. माळ एकदम शांत झाला, इतका की वाऱ्यानं गवत हलल्याचं ऐकू येत होतं. वैजनाथ चढाच्या पायथ्याशी उभा राहिला. भीमरावांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, पण तो फक्त दोन पावलं सरकला.

पहिल्या गाडीतून आवाज आला, कर्रर्र, हँडब्रेक दात्यांवरून ओढल्याचा, आणि मग दांडीचा ठोका. दुसरीतून तसाच. तिसरीत दोन्ही जवळजवळ एकदम, पण आधी कर्रर्रच. चौथी. पाचवी. सहाव्या गाडीतला मुलगा खिडकीतून खाली बघून हसला आणि मग त्यानं ब्रेक जोरात ओढला.

सातव्या गाडीतून काहीच ऐकू आलं नाही. वैजनाथला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं खिडकीवर टेकलेलं एक कोपर दिसत होतं आणि तेही आत गेलं. गाडीच्या मागच्या चाकाखालचा एक खडा हलल्यासारखा वाटला, की वाटलाच. त्याचं तोंड उघडलं होतं, पण वाक्य कुठलं म्हणायचं ते त्याला आठवेना. माळावर सगळे तसेच उभे होते.

मग आवाज आला. कर्रर्र, हळू, एकेक दाता मोजल्यासारखा, शेवटपर्यंत. आणि त्यानंतर ठोका.